सुई आणि आकडा

प्रस्तावना

मे महिन्यात जामनेरला रेकॉर्ड ऐकायची असेल, तर संध्याकाळी आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. पारा ४५च्या पुढे गेलेला असतो, काळी जमीन तडकलेली असते आणि जमिनीतली ओल गेली की अर्थिंगमध्ये काही दम राहत नाही. पाणी ओतायचं राहिलं, तर टर्नटेबल सुरू करताच स्पीकरमधून एक बारीक गुणगुण निघते आणि तानपुऱ्याच्या खर्जाभोवती घोटाळत राहते. एकदा ती कानाला लागली की गाण्यात मन लागत नाही. त्याच कपाटात, त्याच अँप्लिफायरला जोडलेला सीडी प्लेअर मात्र मे असो की श्रावण, तक्रार करत नाही.

या फरकाचं कारण साधं आहे. तबकडीच्या खाचेतून सुई धावते तेव्हा कार्ट्रिजमधून निघणारी वीज नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात सुमारे ५ मिलीव्होल्ट असते. सीडी प्लेअर अँप्लिफायरला २ व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट जास्त. तबकडीच्या त्या इवल्याशा विजेला फोनो प्रीअँपने मोठं करायचं, तर वाटेत शिरलेली घरातली, गल्लीतली, इन्व्हर्टरमधली प्रत्येक कुरकुरही तेवढीच मोठी होते. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज घेतलं तर सिग्नल आणखी दहा पटींनी नाजूक. तबकडीवरचा सूर असा कणाकणाने जपून आणावा लागतो. हे पुस्तक त्या जपणुकीबद्दल आहे.

घरी ऐकायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या अर्ध्या तासात एकच प्रश्न विचारतो: रेकॉर्ड चांगली की डिजिटल? गेली कित्येक वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. यंत्रं बदलली, सुया बदलल्या, खोली बदलली. आता माझं उत्तर ठरलं आहे, ते आधीच सांगून टाकतो. आवाज साठवण्याच्या आणि परत देण्याच्या कामात डिजिटल पुढे आहे, आणि ते मोजून दाखवता येतं. पण आपल्या गाण्याचा मोठा ठेवा तबकडीवरच उतरलेला आहे. म्हणून या दोघांना कुस्तीच्या फडात उतरवणं मला पटत नाही. त्या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. साखळीची ताकद प्रत्येक कडीवर काम करणाऱ्या हाताच्या काळजीवर ठरते.

सुरुवात आमच्या जळगाव जिल्ह्यापासूनच करतो. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकला. पुढे १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत गेला आणि बालगंधर्व म्हणून सगळ्या महाराष्ट्राचा झाला. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आज त्यांचंच नाव आहे. रंगभूमीवर त्यांचं एकेक पद ‘वन्समोअर’ घेत घेत फुलत जायचं, प्रत्येक वेळी नवी जागा घेऊन यायचं. आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावायचं साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचं गाणं. म्हणजे बालगंधर्वांचं जे गाणं तबकडीवरून आपल्यापर्यंत आलं, ते साडेतीन मिनिटांत बसवलेलं आहे. नाट्यगृहातला तो विस्तार, ती थट्टा, ते थांबणं आपल्याला कुठलीही महागडी सुई परत देऊ शकत नाही. ध्वनिमुद्रण सुरू झालं त्याच क्षणी निवड झाली होती.

१९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने गायिका गोहरजानचा आवाज तबकडीवर घेतला, तेव्हापासून हिंदुस्थानी संगीताच्या वाट्याला ही साडेतीन मिनिटं आली. आपल्या गवयांनी त्या बंधनाला जे उत्तर दिलं ते थक्क करणारं आहे. अब्दुल करीम खाँ साहेबांच्या तबकड्या ऐका. आलापीचा एकही स्वर घाईत लावलेला नाही, तरी राग पुरता उभा राहतो. अर्धा-पाऊण तासाची बढत त्यांनी अत्तरासारखी आटवली. पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड, म्हणजे एलपी, आणली. लाखेच्या जागी प्लास्टिक आलं, फेरे मिनिटाला ७८वरून ३३ १/३वर आले, खाच बारीक झाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली. ख्यालाला पहिल्यांदा पाय पसरायला जागा मिळाली. किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी ज्यांनी ऐकली असेल, त्यांना एक बाजू म्हणजे एक राग ही चौकट किती नेटकी होती ते वेगळं सांगायला नको.

पण एलपीच्या या उदारपणात एक खोट लपलेली आहे, आणि ती नेमकी आपल्या संगीताला नडते. बावीस मिनिटांच्या बाजूत तबकडी साधारण ७३३ फेरे मारते आणि सुई अर्ध्या किलोमीटरच्या आसपास चालून येते. ही वाट बाहेरून आत जाते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत तीच चाल २१ सेंटिमीटरवर येते. सेकंद तोच, आवाजातली नक्षी तीच, पण ती कोरायला जागा निम्म्याहून कमी. त्यामुळे आतल्या खाचांत तीव्र स्वर फाटतो, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे लागतात. आता ख्यालाची रचना आठवा. विलंबित आलाप सुरुवातीला, म्हणजे ऐसपैस बाहेरच्या खाचांत. द्रुत बंदिश आणि तानांचा पाऊस शेवटी, म्हणजे नेमका तिथे जिथे तबकडीची क्षमता सर्वांत कमी. जिथे सुईला सर्वांत कमी जागा, तिथे गवई सर्वांत जास्त मागतो. चांगला टोनआर्म, नीट बसवलेलं कार्ट्रिज आणि बारीक घडणीची सुई हा त्रास पुष्कळ कमी करतात, पण तो पुरता जात नाही. सीडीच्या पहिल्या मिनिटात आणि सत्तराव्या मिनिटात असा काहीच भेद नसतो.

दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. पाश्चात्त्य मासिकांत यंत्रं तपासताना पियानो लावतात; मी जुळलेल्या तानपुऱ्याची जवारी लावतो. तानपुरा एका जागी उभा असतो, म्हणून त्याच्याखालची जमीन हलली तर लगेच कळतं. तबकडीचं मधलं भोक जर अर्धा मिलिमीटर बाजूला पडलं असेल, तर बाजूच्या मध्यावर सूर दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांत, अर्धा टक्का चढतो आणि अर्धा टक्का उतरतो. दोन शेजारच्या स्वरांत सुमारे ६ टक्क्यांचं अंतर असतं. तेव्हा हा झोका एका स्वरांतराच्या सहाव्या हिश्श्याइतका झाला. ढोलाच्या ठेक्यात तो विरून जाईल. तानपुऱ्यावर लांबवलेल्या षड्जात तो झुल्यासारखा जाणवतो आणि ज्याने आयुष्यभर श्रुतीचा विचार केला त्या माणसाचा जीव कासावीस होतो. मी अशी एक तबकडी भोकाची कड हलकेच घासून, हाताने मध्यावर आणून वाजवतो. टोनआर्मचं डोकं डावी-उजवीकडे डुलायचं थांबलं की षड्जही थांबतो.

आता आकड्यांकडे वळू. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असते आणि प्रत्येक नोंद १६ बिटांत लिहिलेली असते. यावरून एक गैरसमज घराघरांत पोचला आहे: डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्या, आणि तबकडी म्हणजे अखंड उतार. कागदावरचं पायऱ्यांचं चित्र पाहून माझाही बराच काळ त्यावर विश्वास होता. वस्तुस्थिती वेगळी आहे. सेकंदाला ४४,१०० नोंदी असतील, तर २२,०५० हर्ट्झच्या खालचा सूर त्या नोंदींतून पुरा आणि गुळगुळीत परत बांधता येतो, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. आकड्यांची पुन्हा वीज करणाऱ्या डॅकमधून बाहेर येणारी वीज पायऱ्यांची नसते. माणसाचा कान तरुणपणी २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि पन्नाशीनंतर आमच्यासारख्यांना १५,०००च्या पुढचं फारसं काही लागत नाही. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. उत्तम तबकडीवर ते ६० ते ७०च्या आसपास राहतं. गवई श्वास घ्यायला थांबतो, तानपुऱ्याचा झंकार विरत जातो, ती शेवटची धूसर रेषा तबकडीवर खरखरीत बुडते आणि डिजिटलमध्ये शेवटपर्यंत दिसते.

तरीही पुष्कळांना, आणि मलाही, कित्येकदा तबकडीचाच आवाज जवळचा वाटतो. हा भास म्हणून झटकून टाकायचा विषय नव्हे. त्याची कारणं शोधायची म्हणून मी एक प्रयोग केला, आणि या पुस्तकाचं बीज त्या प्रयोगात आहे.

आमचं घर जुनं, धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, सागाच्या कड्यांचं छत. ऐकायच्या खोलीत कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या जाड गाद्या उभ्या केलेल्या आहेत. कपाशीच्या मुलखात आवाज शोषणारं याहून स्वस्त आणि चांगलं साधन मला सापडलेलं नाही. तिथे मी एक स्वच्छ धुतलेली एलपी वाजवली आणि फोनो प्रीअँपमधून निघालेला आवाज २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला संगणकात उतरवून घेतला. मग एका संध्याकाळी चार जणांना बोलावलं. त्यांत एक निवृत्त संगीत शिक्षक होते, एक जिनिंगमध्ये हिशेब पाहणारे गृहस्थ, माझा भाचा आणि शेजारचे आजोबा. तबकडी आणि फाइल बरोबरीने सुरू केली. दोन्हींचा आवाज मीटर लावून तंतोतंत सारखा केला, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो आणि तिथेच बहुतेक तुलना फसतात. यंत्रांपुढे चादर टांगली. नाणं उडवून कोणतं वाजवायचं ते ठरवलं आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर उत्तर लिहिलं.

संगीत शिक्षकांनी डोळे मिटले होते. तीन वेळा ते ठामपणे म्हणाले, ‘ही रेकॉर्ड. हा ऊबदारपणा मशीनला येणार नाही.’ त्यांतल्या दोन वेळा फाइल वाजत होती. सगळ्यांचे कागद पाहिले तेव्हा त्यांची उत्तरं नाण्याच्या कौलाहून बरी नव्हती. आजोबांनी तर दहाव्या वेळी हात जोडले: ‘भो, दोन्ही एकच तं आहे. तू कशाले उगाच उठबस करून राह्यला?’

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. तबकडीत जे काही गोड आहे, ते सगळं फाइलमध्ये उतरलं होतं: ती ऊब, ती किंचित भरलेली खर्जाची बाजू, ती खरखर, सुई टेकतानाचा ठोकासुद्धा. म्हणजे तबकडीची गोडी ही आकड्यांना न पकडता येणारी गूढ गोष्ट नाही. ती तबकडीचा स्वभाव आहे. कार्ट्रिज आवाजात स्वतःचा थोडा रंग मिसळतं. तबकडी कापताना खर्ज आवरून घ्यावा लागतो, तीव्र स्वर सांभाळावे लागतात आणि फार मोठा आवाज कोरताच येत नाही. या अडचणींमुळे एलपीसाठी केलेलं मास्टरिंग, म्हणजे प्रती काढण्याआधीची आवाजाची शेवटची जुळणी, पुष्कळदा संयमी असतं. याउलट नव्वदच्या दशकापासून लोकप्रिय संगीताच्या सीडी एकमेकींहून मोठ्याने वाजाव्यात म्हणून आवाजाचे चढउतार दाबून सपाट केले गेले. त्या ऐकून कान दुखतो, आणि दोष डिजिटलच्या माथी मारला जातो. तो दोष त्या सीडीचं मास्टरिंग करणाऱ्याचा असतो.

परदेशातलं एक उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या मूळ टेपवरून महागड्या तबकड्या काढते. २०२२ साली उघड झालं की त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांच्या निर्मितीत गेली काही वर्षं एक डिजिटल टप्पा होता. तोवर नामांकित समीक्षक आणि संग्राहक त्याच तबकड्यांना अस्सल अॅनलॉगचा नमुना मानत होते. गंमत म्हणून हे सांगत नाही. लाखो रुपयांची यंत्रणा आणि आयुष्यभर घडवलेला कान असूनही, नीट केलेला डिजिटल टप्पा त्यांना ऐकू आला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मग तबकडी का वाजवायची? त्याच २०२२ साली अमेरिकेत नगांच्या हिशेबात एलपीची विक्री १९८७नंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झाली, ती काही लोक वेडे झाले म्हणून झाली नाही. तबकडी ऐकणाऱ्याला बसवते. पाकीट काढायचं, मखमली ब्रशने धूळ पुसायची, सुई टेकवायची आणि मग बावीस मिनिटं कुठे जायचं नाही. फोनवरचं गाणं आपण भाजी निवडता निवडता ऐकतो आणि अर्ध्यात बदलतो. तबकडीपुढे आपण बैठकीत बसतो तसे बसतो. लक्ष दिलं की गाणं मोठं होतं. माझा अनुभव असा, की हीच शिस्त डिजिटलला लावली, दिवे मंद केले, फोन बाहेर ठेवला आणि एकच राग शेवटपर्यंत ऐकला, तर फाइलही तितकंच देते. तबकडीने मला ऐकायला शिकवलं, हे तिचं ऋण मी मानतो.

खानदेशात तबकडी पाळणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये मी नऊ एलपी पश्चिमेच्या खिडकीजवळ भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या आणि चार दिवसांसाठी गावाला गेलो. परत आलो तेव्हा त्यांतल्या सहा ताटलीसारख्या वाकलेल्या होत्या. सुई त्यांवर लाटेवरच्या होडीसारखी वर-खाली व्हायची. त्या आजही माझ्याकडे आहेत, टाकवत नाहीत. तेव्हापासून माझ्या तबकड्या खालच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, सरळ उभ्या असतात. शिवाय कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज साचते आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचा तूस तिला ओढला जातो. सुईच्या टोकाला अडकलेला तुसाचा एक धागा अख्ख्या अंतऱ्याला घोगरं करून टाकतो. या सगळ्याचे उपाय पुढे दिले आहेत, आणि ते मुंबई-पुण्याच्या हवेपुरते नाहीत, आपल्या हवेचे आहेत.

या विषयाचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं अंग मात्र जतनाचं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत गेल्या. घरातल्या माणसांनी ती ऐकता ऐकता कागदावर टिपली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघू शकलं आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते घरोघरी गेलं. १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटातून तीच कविता पडद्यावर आणि तबकडीवर गेली. जातं, कागद, तबकडी, आणि आज फोन. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी काळजीने उतरवून घेतलं, म्हणून ओवी टिकली. टिपणारा हात आळसावला असता, तर पुढचा एकही टप्पा आला नसता.

तबकडीवरून डिजिटलमध्ये उतरवणं हे तसंच टिपणं आहे, आणि ते चुकलं तर मोठं नुकसान होतं. ७८च्या तबकड्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाशी घसरत जाते आणि खरखरच जास्त उचलते. तिला तिची जाड सुई लागते. दुसरं, सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नव्हत्या. ७४च्या आसपास कोरलेली तबकडी ७८ने वाजवली तर सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो, आवाज पातळ होतो आणि लय उगाच घाईची वाटते. अशी चुकीची प्रत एकदा इंटरनेटवर गेली की नवी पिढी त्यालाच त्या गवयाचा आवाज समजते. तिथे डिजिटलची अचूकता काही कामाची नाही. ती चूकही तितक्याच अचूकपणे जपून ठेवते.

आमच्या घरचा पहिला ग्रामोफोन माझ्या आजोबांनी पाचोऱ्याहून आणला. पीजेच्या, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीतून ५६ किलोमीटर तो त्यांनी मांडीवर धरून आणला, असं आजी सांगायची. त्याच्यासोबत आलेल्या तबकड्यांपैकी अकरा उरल्या आहेत. त्या मी धुतल्या, योग्य सुईने वाजवल्या, पेटीवर पट्टी लावून त्यांचा वेग ठरवला आणि उतरवून घेतल्या. लेबलवरचं प्रत्येक अक्षर आणि क्रमांक सोबत लिहून ठेवला. आता आजोबांच्या तबकड्यांवर सुई टेकवायची गरज उरली नाही. दर वेळी टेकली की ती थोडी झिजवतेच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली माझी बहीण तिच्या फोनवर त्या ऐकते, आणि तबकड्या कपाटात विसावा घेतात.

या पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात तबकडी, सुई, टोनआर्म आणि त्यांची जुळणी. दुसऱ्यात डिजिटलचं गणित, चित्रांसह, शाळेतल्या मुलालाही समजेल असं. तिसऱ्यात खोली, वीज आणि अर्थिंग. यंत्रणेवर पैसे घालण्याआधी हा भाग वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण खोली नीट नसेल तर महागडे स्पीकरही वाया जातात. चौथा भाग जतनाचा. वेळ थोडा असेल तर निदान तो तरी वाचा.

आणि वाचून झाल्यावर माळ्यावर चढा. जामनेर, शेंदुर्णी, पहूर, पाचोरा, कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याखाली तापत पडलेल्या तबकड्या असू शकतात. त्या भंगारात घालण्याआधी खाली आणा, सावलीत उभ्या ठेवा. कोणता आवाज कुठे फक्त एकाच प्रतीत उरला आहे, हे वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि पुढच्या मे महिन्याच्या उन्हात तीही वाकून जाईल.

जामनेर
आखाजी